टाकीला शिळं चालत नाही

तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. सासू म्हणायची नाजूकबाई, मग नवराही तेच म्हणायला लागला. आता नाजूक म्हणावं, तर ही बाई लाँड्रीत दिवसभर उभी राहून वाफेची इस्त्री मारायची. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन दोन जिने चढायची. पण जेवण झालं की थोड्या वेळात तोंड लालभडक, मानेवर गांधी, आणि डोकं असं ठणकायचं की डोळे उघडवत नसत. तेवढ्यावर ती नाजूक.

घरातली पद्धत साधी. ताजं केलेलं आधी नवऱ्याला, मग सासूला. उरलंसुरलं संपवायचं ते हिनं. कालची मासळी, परवाची वांगी, तळाशी राहिलेला टोमॅटोचा रस्सा, सगळं हिच्या ताटात.

"आई, या मासळीनं मला त्रास होतो हो," ती म्हणायची.

"गरम कर. गरम केलं की ताजंच."

आणि नवरा खो खो हसायचा. "अगं, तीच मासळी काल मीही खाल्ली. मला कुठं काय झालं?"

काल खाल्लीत तेव्हा ती आजची होती, हे तिच्या अगदी ओठावर यायचं. पण ओठावरच बसून राहायचं.

डॉक्टर करून झाले. एक म्हणाला ॲसिडिटी. दुसरा म्हणाला, इस्त्रीची वाफ बाधते. तिसऱ्यानं हिच्याकडे न बघताच सांगितलं, मन कशात तरी रमवा. सासूला हा तिसरा फार आवडला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "डॉक्टरच म्हणाले, मनाचे खेळ आहेत."

नवरा माणूस वाईट नव्हता हो. हात उगारणं नाही, दारू नाही. औषधाच्या कारखान्यात एक टाकी सांभाळायचा. पुरुषभर उंचीची स्टीलची टाकी, आत जिवंत पेशी वाढत असायच्या. घरी आला की टाकीचंच पुराण. "आज जरा फेस जास्त आला. गार पडली होती सकाळी, पण मी लगेच सावरली." कारखान्यात त्याला टाकीची आई म्हणायचे, आणि त्याला त्याचा राग यायच्या ऐवजी अभिमानच वाटायचा. बायकोनं एकदा विचारलं होतं, माझं अंग गरम लागतंय का बघा. म्हणाला, "थर्मामीटर आहे ना कपाटात?"

तर एकदा काय झालं, कारखान्यानं कामगारांच्या घरच्यांना आत बघायला बोलावलं. सासू, सून दोघी गेल्या. डोक्याला टोपी, पायाला निळ्या पिशव्या. काचेपलीकडे ती टाकी चकाकत होती. नवऱ्याचा चेहरा तर असा, जणू मुलगी दाखवायला आणलीय.

तिथल्या एक मॅडम समजावून सांगत होत्या. "मासळी नुसती ठेवून दिली ना, की तिच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ वाढत जातो. आपल्या आतड्यात त्याला तोडणारा एक एन्झाइम असतो. काहींच्या अंगात तो कमी पडतो. मग खाल्लं की तोंड लाल होतं, अंगावर गांधी येतात, डोकं फुटायला येतं. तोच एन्झाइम, माणसाचाच, आम्ही या टाकीत करून घेतो. या पेशींना त्याची कृती दिलीय, त्या बनवत राहतात. पुढे त्याचीच गोळी होणार."

सुनेच्या कानात एकदम सूं झालं. तिनं रेटून विचारलं, "गरम केलं तर जातं का हो ते, मॅडम?"

"नाही ना! उकळा, तळा, काही करा. तसंच राहतं."

सासूला नेमका तेव्हाच खोकला आला.

"तुम्हाला होतो का असा त्रास?" मॅडमनी विचारलं. "मग डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सगळ्यांच्या त्रासाचं कारण हेच असेल असं नाही, पण असू शकतं."

तिनं मान हलवली. मग टाकीला लटकवलेल्या पिशवीकडे बोट केलं. "आणि ते काय?"

नवरा याचीच वाट बघत होता. "पेशींचं खाणं! रोज नवी पिशवी. अर्धी उरली तरी फेकायची. एकदा एका पाळीवाल्यानं कालची उघडलेली लावली. असा झापला त्याला, असा झापला! म्हटलं, माझ्या लेकरांना शिळं घालतोस?"

सगळे हसले.

"महाग असेल ना पिशवी?" तिनं विचारलं.

"असू दे की. जीव आहेत ते."

काचेवर तिच्या श्वासाचा डाग पडला होता, तो तिनं पुसून टाकला, बस.

घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात वाट बघत होती. फार काही नको होतं तिला. इतकी वर्षं तू खरं बोलत होतीस, एवढंच एकदा त्यानं म्हणावं.

आणि अहो, दार उघडता उघडता तो बोललाच! "अगं, मॅडम सांगत होत्या ते तुझंच की!"

तिच्या हातातली किल्ली तशीच कुलपात राहिली.

"आता सोपं झालं बघ," तो म्हणाला. "या औषधाच्या चाचणीसाठी माणसं घेतायत. तुझं नाव देतो. गोळी लागू पडली की काहीही खा, कालचं, परवाचं."

"बरं झालं बाई," सासू म्हणाली. "म्हणजे काही टाकायला नको." आणि तिनं फ्रीजमधून कालच्या मासळीचं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं.

नाजूकबाई पातेल्यापाशी गेली. मग म्हणाली, "मला गोळी नको. मला आजचं द्या."

"अगं, पण मग कालचं कोण खाणार?" नवऱ्यानं अगदी साधेपणानं विचारलं. त्याला खरंच सुचत नव्हतं.

"तुम्ही."

तिनं पातेलं गरम केलं, त्याच्या ताटात वाढलं. आजच आणलेला एक तुकडा स्वतःसाठी तळला, आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसली. सासू आ वासून बघत राहिली. नवरा म्हणाला, "खातो की, त्यात काय एवढं," आणि पैज लावल्यासारखं त्यानं सगळं चाटूनपुसून संपवलं.

ती त्याच्या मानेकडे बघत होती. एक तरी गांध उठावी. निदान कपाळावर हात तरी जावा. नवऱ्याचं वाईट चिंतू नये म्हणतात, पण ती चिंतत होती, मनापासून.

बराच वेळ गेला. त्यानं ढेकर दिला.

"बघ," तो म्हणाला, "मला काहीसुद्धा झालं नाही."

खरंच झालं नाही. मान कोरडी, स्वच्छ, गोरीपान. म्हणजे इतकी वर्षं हे पातेलं या माणसापुढे सरकवलं असतं, तर ना डॉक्टर लागले असते, ना टाकी, ना गोळी. फक्त पातेलं दोन हात इकडून तिकडे सरकवायचं होतं.

तिचंही डोकं आज दुखत नव्हतं. तिनं ताट उचललं, एकटीचंच, आणि धुवायला गेली.