पिन काढणाऱ्या बोल्टची कबुली

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. करंगळीएवढा जाड, वीतभर लांब. माझी ओळख करून देताना पूर्वी मला अभिमान वाटायचा. आता मान वर होत नाही.

कारखान्यातून मी एका गॅरेजमध्ये आलो. तिथे मिस्त्री आणि त्यांची बायको, दोघंच काम करत. बाईंना सगळे वहिनी म्हणत. माझ्या वाट्याला तिथलं मानाचं काम आलं. इंजिनातली टायमिंगची चेन भरकटू नये म्हणून तिच्या बाजूला प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्यांना गाईड म्हणतात, आणि गाईडला जागेवर धरतात लोखंडी पिना. गाईड झिजली की बदलायची, पण त्याआधी पिन निघायला हवी ना! पिना म्हणजे एकजात अडेलतट्टू. तेल पाजा, गोंजारा, हलायचं नाव नाही.

त्यांच्या पोटात आटे असतात. मी एका जाड नळीतून जाऊन त्या आट्यांत शिरायचो. मग वहिनी पान्याने माझं डोकं सावकाश आवळत, आणि पिन मुकाट्याने नळीत ओढली जायची. मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पिना काढाव्यात तर हिनेच. कुठे थांबायचं ते हिच्या हाताला कळतं." ते ऐकून मीसुद्धा फुगायचो.

एकदा मिस्त्रींना एक बुश, म्हणजे भोकात घट्ट बसलेली धातूची आखूड नळी, ठोकून काढायचा होता. त्यासाठीचा पंच, म्हणजे ठोकायचा लोखंडी दांडा, समोरच्या कपाटात होता, पण तेवढं उठणार कोण? त्यांनी मलाच बुशात उभं धरलं आणि डोक्यावर हातोडा घातला. माझे टोकाकडचे आटे घासून सपाट झाले. मला पुसून त्यांनी पुन्हा डब्यात टाकलं.

पुढच्याच आठवड्यात शाळेची एक व्हॅन आली. वहिनींनी मला पिनेत फिरवलं. मी आत गेलो, पण नेहमीसारखा घट्ट बसलो नाही. तेव्हाच अडून बसलो असतो, तर त्यांनी मला बाहेर काढून पाहिलं असतं. पण मानाचं काम हातचं जाईल या भीतीने मी गुपचूप शिरलो. पाना फिरला, ताण आला, आणि पिनेचे आटे मी सोलून काढले.

"अगं, केवढ्या जोराने आवळलंस!" मिस्त्री ओरडले. "एवढ्या वर्षांत शिकलीस काय?"

वहिनींनी पाना खाली ठेवला आणि त्या हात धुवायला गेल्या. मिस्त्रींनी मला दाराशी उजेडात धरलं. सपाट आटे पाहिले. त्यांना हातोडा आठवला असणार, कारण त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी मला खिशात टाकलं.

शेजारच्या वेल्डरने पिनेच्या तोंडावर नट जोडून दिला आणि पिन निघाली. व्हॅन गेली. वहिनींनी मात्र पाना हातात धरला नाही. त्या नुसते सुटे भाग धूत बसायच्या, मधूनच स्वतःच्या तळहाताकडे बघायच्या. हे सगळं माझ्यामुळे, आणि मी मिस्त्रींच्या खिशात किल्ल्यांशी खुळखुळत होतो.

आठ दिवसांनी तसंच इंजिन पुन्हा आलं.

"तुम्हीच काढा," वहिनी म्हणाल्या. "माझा हात आता भारी पडतो."

मिस्त्रींनी मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. "तुझा हात नव्हता. हा होता. मीच याने बुश ठोकला होता."

वहिनींनी माझ्या आट्यांवरून नख फिरवलं. "कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि मी आठ दिवस हाताला दोष देतेय!"

"चुकलो गं."

वहिनींनी मला टेबलाला जोडलेल्या पकडीत आवळून करवतीने माझे दोन तुकडे केले, पुन्हा चुकूनही कुणी मला पिनेत घालू नये म्हणून. मला राग आला नाही. खोक्यातून त्यांनी नवा बोल्ट घेतला, त्याचे आटे उजेडात पाहिले आणि इंजिनावर वाकल्या. "नळी द्या," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, मी भंगाराच्या पिंपातून विनवतोय. ज्या कामाचं हत्यार, त्याच कामाला वापरा, आणि हाती घेताना एकदा निरखून पाहा. तरीही चूक होईलच. तेव्हा तिचं खापर दुसऱ्याच्या माथी राहू देऊ नका. मला तोंड नव्हतं. मिस्त्रींना होतं, आणि तुम्हालाही आहे.