गारवामाईचं पिवळं मलम

चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी मुंगी शिरायला जागा उरत नसे. जिन्यावर बायका, जिन्याखाली बायका, आणि पायरीशी त्यांच्या चपलांचा असा ढीग की खालच्या दुकानदाराला आपला माल कुठला आणि भक्तांचा कुठला हे उमजेना. वर गारवामाई बसलेली. पांढरे कपडे, पांढरे केस, आवाज मात्र भर बाजारात भाव पुकारणाऱ्याचा.

"आग कुठं आहे, बाळांनो?"

"अंगात, माई," हॉल म्हणे.

"गारवा कुठं आहे?"

"तुमच्या हातात, माई."

"मग डॉक्टरच्या दारात कशाला जाता तोंड वर करून?"

इथे हसायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या हसत.

माईजवळ दोन चमत्कार होते. दाराशी एक पितळी घंगाळ ठेवलेलं असे. डॉक्टरानं दिलेली मलमाची ट्यूब येणाऱ्या प्रत्येकीनं त्यात टाकायची. डॉक्टरचं विष आणि माईचं अमृत एका अंगावर नांदत नाही, असा नियम. भरलेलं घंगाळ पडद्याआड जाई आणि पुढच्या गुरुवारी लख्ख रिकामं परत येई. माईनं मंत्रानं विष जाळलं, असं म्हणत. दुसरा चमत्कार चांदीच्या वाडग्याचा. तो रिकामा झाकून ठेवला की सकाळी त्यात आपोआप पिवळंधमक मलम साठे, उगवत्या सूर्याच्या रंगाचं. साठताना कुणी पाहिलं होतं? शेजारणीच्या जावेनं. ती जाऊ कुणी पाहिली होती? कुणीच नाही. मलम अगदी फुकट. डबी तेवढी विकत घ्यावी लागे, आणि ती फक्त माईकडेच मिळे.

हॉलमधल्या निम्म्या बायका नायटा, खरूज घेऊन येत आणि तसं मोकळेपणानं सांगत. उरलेल्या निम्म्या काहीच सांगत नसत. त्या काळी बायकांच्या काही दुखण्यांना नाव नसे. 'तिकडचं' म्हणायचं, तेही मान खाली घालून. माईचं खरं गिऱ्हाईक हेच होतं. ती काही विचारत नसे, नुसती डोळे मिटून म्हणे, "कळलं मला, बाळ." तिला काय कळलं होतं देव जाणे, पण न बोलता सुटका झाली म्हणून बायकांच्या डोळ्यांत पाणी येई.

या न बोलणाऱ्यांत एक होत्या चित्रबाई. मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षं चित्रकला शिकवत आल्या होत्या. गावातल्या निम्म्या बायकांनी कधी ना कधी त्यांच्यासमोर बसून सफरचंद काढलं होतं, आणि बहुतेकींचं सफरचंद बटाट्यासारखं आलं होतं. अशा बाई तोंडाला रुमाल गुंडाळून माईच्या रांगेत कशा आल्या, ते आधी सांगायला हवं.

बाईंना दोन वर्षं तिकडे खाज होती. फळ्यापुढे ओठ चावत उभं राहायचं, तास संपला की स्वच्छतागृहाकडे धावायचं. पावडर झाली, साबण बदलून झाले. शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा दवाखाना त्यांनी निवडला. डॉक्टरीणबाई तरुण होती आणि त्यांची विद्यार्थिनी नव्हती, ही जमेची बाजू.

"याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात," तपासून झाल्यावर डॉक्टरीण म्हणाली. "तिथली कातडी पांढरी, पातळ होते, चिरते. अस्वच्छतेनं होत नाही. कुणाकडून लागत नाही आणि कुणाला देताही येत नाही. पण मुळापासून जातही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चष्म्यासारखं समजा, आयुष्यभर सांभाळायचं. हे मलम वाटाण्याएवढं, मी लिहून देते तसं लावायचं. आणि तपासायला येत राहायचं. दुर्लक्ष केलं तर क्वचित कुणाला त्या जागी कॅन्सर होऊ शकतो, म्हणून."

बाईंना त्यातले दोनच शब्द ऐकू आले, आयुष्यभर आणि कॅन्सर. 'क्वचित' वाटेतच कुठेतरी गळून पडला.

घरी आल्यावर त्यांनी ट्यूबसोबतचा बारीक अक्षरातला कागद वाचला. त्यात स्वच्छ छापलं होतं, 'गुप्त भागावर वापरू नये.' झालं. बाईंनी कागद चुरगळून कचऱ्यात टाकला. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याचं भिंग न काढताच त्यांनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर?"

"काही नाही. वयाचं आहे म्हणाली."

यजमानांनी मान डोलावली आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. बरेच महिने दोघं एका अंथरुणावर मधे हातभर जागा सोडून झोपत होते. का, ते यजमानांनी विचारलं नव्हतं आणि बाईंनी सांगितलं नव्हतं.

कागद कचऱ्यातून उचलला आणि बाईंकडून सगळं काढून घेतलं ते घरातल्या थोरल्या नणंदेनं. वन्संचे गुडघे दुखत, जीभ मात्र धडधाकट होती.

"वहिनी, हे बघ, यांनीच छापलंय, वापरू नये म्हणून. आणि ती पोरगी खुशाल देतेय. चल माईकडे. मीही येते, माझ्या गुडघ्यांचं बघू."

तर अशी बाईंची ट्यूब घंगाळात पडली. तिच्यावर वन्संनी आपलं गुडघ्यांचं झोंबरं मलम टाकलं, न जाणो माईला राग यायचा म्हणून.

आणि गंमत अशी की त्या दिवशी मिळालेल्या पहिल्या डबीनं गुण आला. चार दिवसांत खाज पळाली. बाई फळ्यापुढे ताठ उभ्या राहिल्या, मुलींना वाटलं बाई उंच झाल्या. वन्संनी वहिनीचं नाव न घेता आळीभर डंका पिटला, "डॉक्टरीण म्हणे जातच नाही. आमच्या माईनं घालवलं की." आळीतून आणखी ट्यूबा घंगाळाकडे निघाल्या.

दुसऱ्या डबीनं मात्र घात केला. बाई भाजीच्या दुकानात होत्या आणि तिकडे जणू निखारा फुलला. हातातली पिशवी तिथेच टाकून त्या घरी पळाल्या. गुरुवारी माईला सांगितलं तर माईनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"पाप जळतंय, बाळ. जेवढं पाप तेवढी आग."

बाईंनी आपली पापं आठवून पाहिली. एका मुलीला सफरचंदात नापास केलं होतं. त्याची एवढी शिक्षा असेलसं वाटेना.

मग त्यांनी करायला हवी होती ती गोष्ट उशिरानं केली. डबी उघडून नाकाशी नेली. जन्मभर तेलरंगात बुडालेलं नाक ते.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्यांचा वास येतोय."

"कुठे ग?"

"माईच्या अमृताला."

वन्संनी वास घेतला, वाकून आपला गुडघा हुंगला आणि पुन्हा डबी हुंगली. एका भांड्यातलं नाहीसं होत होतं आणि दुसऱ्या भांड्यात उगवत होतं. एवढ्या हॉलभर बायकांत या दोन भांड्यांची गाठ कुणी घातली नव्हती, आणि घालणार तरी कशी? दोन्हींपुढे हात जोडलेले होते.

"पण मग पहिल्या डबीनं गुण कसा आला?" वन्संनी शेवटी विचारलं.

"माझ्यासारखंच औषध होतं ना त्यात. माझ्याआधी कुणाकुणी टाकलेलं. माझं आणि तुमचं या डबीत आलं."

बाई खालमानेनं डॉक्टरणीकडे गेल्या. ती रागावली नाही, हेच त्यांना जड गेलं.

"हा कागद सगळ्या जगासाठी छापलेला असतो," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मी बोलले होते. या दुखण्यावर हेच औषध आहे, फक्त बेतानं. त्या खिचडीत काय किती आहे हे बनवणारीलाही ठाऊक नसेल. तिचं मलम तोंडाला लावलेल्या मुली माझ्याकडे लालबुंद चेहरे घेऊन येतात. एकीचा नायटा तळहाताएवढा होता, तो पाठभर झाला. कागद वाचून भीती वाटली, तर विचारायला का आला नाहीत?"

"लाज वाटली."

"आणि त्या माईकडे नाही वाटली?"

"तिकडे विचारावंच लागत नाही," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच उत्तरानं ओशाळल्या.

घरी येऊन त्यांनी रंगपेटी काढली. रंगाच्या ट्यूबचं शेपूट उलगडायचं, आत स्वतः घोटलेला रंग भरायचा आणि पकडीनं घडी घालून पुन्हा बंद करायचं, हे काम त्या शाळेचे पैसे वाचवायला वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. बाईंचा बेत ऐकून डॉक्टरणीनं औषधांच्या रिकाम्या ट्यूबा दिल्या. बाईंनी साधं व्हॅसलीन घेतलं, केकवर घालतात तो खायचा निळा रंग घेतला, कारण कुणाच्या अंगाला अपाय व्हायला नको होता. काचेवर रंग घोटायच्या पातीनं दोन्ही एकजीव घोटून ट्यूबा भरल्या. गुरुवारी त्या आणि वन्सं सगळ्यांदेखत त्या घंगाळात टाकून, हात जोडून घरी आल्या.

पुढच्या गुरुवारी दोघी पहिल्या रांगेत बसल्या. माई नेहमीपेक्षा उशिरा बाहेर आली. पडद्याआड काय धावपळ झाली असेल ती असो, पण असली माणसं मांजरासारखी असतात, कुठूनही पडली तरी चार पायांवर. तिनं वाडग्यावरचं फडकं दूर केलं.

मलम हिरवंगार होतं.

"आज मोठा दिवस आहे, बाळांनो," माईनं पुकारलं. "आजवर सूर्य उतरत होता. आज सगळी वनराई उतरली. हे दुप्पट गुणाचं. डबीही मोठी घ्यावी लागेल."

हॉलभर सुस्कारे उठले. कुणी रडू लागल्या, कुणी डब्यांसाठी हात पुढे केले. अशा वेळी माणसांची कीव करावी की कान उपटावेत हे समजत नाही. चित्रबाई उभ्या राहिल्या, तोंडावरचा रुमाल काढला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या,

"मुलींनो, पिवळ्यात निळा मिसळला की कोणता रंग होतो?"

 मग मागून, भाजीवाली होती ती, सवयीनं बोलून गेली, "हिरवा, बाई."

"मोठ्यानं."

"हिरवा, बाई," या वेळी अर्धा हॉल म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते मग त्यांच्या ध्यानात आलं.

"निळा मी घातला होता. गेल्या गुरुवारी या घंगाळात टाकलेल्या ट्यूबांमध्ये. माईनं तर त्या जाळल्या होत्या. मग माझा निळा वाडग्यात कसा आला?"

माईनं पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले. पण तिच्याजवळ शेवटचं हत्यार होतं, आणि ते तिनं गोड आवाजात काढलं.

"फार शिकलेली आहेस, बाळ. मग आपली खरी ट्यूब कशाची होती ते सांग की. कुठं लावायची होती? तुझ्याच विद्यार्थिनी आहेत सगळ्या."

हॉलमधल्या माना एकदम खाली गेल्या, जणू प्रश्न प्रत्येकीला विचारला होता. बाईंचे कान तापले. तीस वर्षांची अब्रू, उद्या शाळा, परवा आळी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दार तीन पावलांवर होतं. वन्संनी त्यांचा पदर धरला नाही की हात धरला नाही, नुसत्या हळूच म्हणाल्या, "बोल, वहिनी."

"सांगते," बाई म्हणाल्या. "मला योनीबाहेरच्या कातडीचा आजार आहे. नाव लायकेन स्क्लेरोसस. पूर्ण जात नाही, औषधानं ताब्यात राहतो. ते पाप नव्हे आणि घाणही नव्हे. हाताला कातडी आहे तशीच तिथेही आहे, आणि ती आजारी पडली आहे. हिनं मला माझंच औषध चोरून परत विकलं, त्यात माझ्या नणंदेचा गुडघा कालवून."

कुणीतरी हसलं. मग भाजीवाली उठली. "माझंही तिकडचंच आहे, बाई. पाच वर्षं." तिच्या शेजारणीनं डबी खाली ठेवून दिली.

तोवर वन्संनी गुडघ्यांची पर्वा न करता पडदा ओढला होता. मागे एक तसराळं, लाकडी डाव, व्हॅसलीनचा डबा, पिवळ्या रंगाची बाटली आणि पिळून चपट्या केलेल्या ट्यूबांचा ढीग. वन्संनी त्यातली एक ओळखीची वर धरली.

"हा बघा माझा गुडघा!"

माई 'अश्रद्धा, अश्रद्धा' करत मागच्या जिन्यानं निघाली. वळसा घालून चपलांच्या ढिगाशी आल्यावर घाईत तिनं एक पाय कुणाच्या आणि दुसरा कुणाच्या चपलेत घातला. तिला पुन्हा कुणी पाहिलं नाही. तिच्या उजव्या पायातली चप्पल मात्र भाजीवालीची होती, आणि तिचं दुःख भाजीवालीला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

ते हिरवं मलम लावून तरी बघायला हवं होतं, असं म्हणणाऱ्या दोघीतिघी त्यानंतरही भेटत राहिल्या. त्यांना काय सांगणार? पण डॉक्टरणीच्या दवाखान्यातल्या बाकावर तेव्हापासून ओळखीचे चेहरे दिसू लागले, आणि एकमेकींना पाहून ते चेहरे खाली जाईनासे झाले.

त्या संध्याकाळी बाईंनी नवीन ट्यूब आणि तिचा कागद यजमानांसमोर ठेवला, आणि सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून तो बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचला.

"वापरू नये म्हणतोय," ते म्हणाले.

"डॉक्टर वापरा म्हणते. का, तेही तिनं समजावलंय."

"मग पुढच्या खेपेला मी येतो. मलाही दोन गोष्टी विचारायच्या आहेत," ते म्हणाले, आणि भिंग काढून पुसत बसले.

ट्यूब मग बाईंनी कुठे लपवली नाही. आरशाखाली, कंगव्याशेजारी राहिली. आजार गेला नाही, जाणारही नव्हता. काही महिने शांत, काही दिवस कटकटीचे, आणि ठरल्या दिवशी तपासणी. बायांनो, भोंदूकडे मंत्र नसतो, आपली लाज असते. जिथे आपण विचारायला लाजतो, तिथेच तो घंगाळ मांडून बसतो. कागदाची भीती वाटली तर डॉक्टरला विचारा, एकदा विचारून कळलं नाही तर पुन्हा विचारा. अंगाच्या कुठल्याही भागाचं नाव घेतल्यानं जीभ झडत नाही. चित्रबाईंची तरी झडली नाही. त्या निवृत्त होईपर्यंत मुलींना सफरचंद शिकवत राहिल्या, आणि ते शेवटपर्यंत बटाट्यासारखंच येत राहिलं.