दाट पाणी

सदानंदच्या ऑफिसात जपानहून एक पांढरी पावडर यायची, गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णांसाठी. पाण्यात, चहात, सुपात ढवळली की ते दाट व्हायचं आणि श्वासनलिकेत न शिरता सावकाश घशाखाली उतरायचं. किती दाट, हे सांगायला कंपनीच्या तक्त्यात आकड्यांशेजारी नादाचे शब्द दिलेले असत. सळसळ वाहणारं ते सारासारा, चमच्यावरून अंग जड झाल्यासारखं ओघळणारं ते तोरोतोरो, चिखलासारखं दोरोदोरो, भेंडीच्या बुळबुळीसारखी तार धरणारं नेबानेबा. दुबईतल्या आपल्या लोकांसाठी मराठी आणि हिंदी माहितीपत्रक करायचं काम सदानंदकडे आलं, तेव्हा रबरबीत, लिबलिबीत, गिजगिजीत असे शब्द जमवताना त्याला मोठी मजा वाटली होती. वर्षाच्या आत ती पावडर आपल्याच घरात लागेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्याच्या बायकोला, रंजिताला, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, गिळणंही गेलं. अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ तिचा पलंग हलवला आणि सदानंद तिला रोज चमच्यानं भरवू लागला. चमचा ओठांशी नेताना तो तक्त्यातला शब्द म्हणायचा, "तोरोतोरो," आणि रंजिता अर्ध्या चेहऱ्यानं हसायची. त्यांची मुलगी रिद्धी जपानी कार्टून बघत इथंच वाढलेली. ती म्हणायची, "बाबा, युअर अ‍ॅक्सेंट इज टेरिबल." मग ते अर्धं हसू थोडं आणखी रुंद व्हायचं.

मार्चमधल्या एका दुपारी सदानंद पाणी पीत होता आणि रंजिताची नजर त्याच्या ग्लासवर खिळली. आठ महिने तिनं साधं पाणी चाखलं नव्हतं. तिला मागता येत नव्हतं. ती नुसती बघत राहिली. रिद्धी कामावर होती. सदानंदनं रंजिताची मान हातावर घेतली आणि तिला चार घोट पाजले. ती डोळे मिटून प्यायली, आणि ठसकासुद्धा लागला नाही. पाचव्या दिवशी ती न्यूमोनियानं गेली. त्या चार घोटांविषयी तो कुणाशीही बोलला नाही, रिद्धीशी तर नाहीच.

जून लागला होता. ऑफिसच्या पँट्रीत वसईची ब्रिजिट किटलीतून सगळ्यांना चहा ओतत होती. सदानंदच्या कपात पडताना धार किंचित जड झाली, कपाच्या काठाशी रेंगाळली, मग आत उतरली.

"चहा असा का पडतोय?"

"कसा, सर?" ब्रिजिटनं त्याच किटलीतून आपला कप भरला आणि घोट घेतला. "ठीक तर आहे. शुगर जास्त झाली का?"

सदानंदनं घोट घेतला. चहा जिभेवरून सरकत, घशाला धरून धरून खाली गेला. संध्याकाळी घरचं पाणीही तसंच लागलं. त्यानं पाण्याची मोठी बाटली बदलली, ग्लास गरम पाण्यानं विसळले, नळाचं पाणी उकळून प्यायलं. प्रत्येक वेळी ते ओठांशी येईपर्यंत पातळ असे आणि तोंडात गेल्यावर दाटून येई. जुलै उलटेपर्यंत ग्लासातच दाटू लागलं. तिरका केला तर पाणी क्षणभर जागीच थबके आणि मग गोळा होऊन पुढे सरके. सदानंदची जीभ या कामात तयार झालेली होती. काल तोरोतोरो होतं, आज दोरोदोरो आहे, हे तिला बरोबर कळायचं.

एकदा त्यानं रिद्धीपुढे ग्लास धरला. "जरा पिऊन बघ."

ती अर्धा ग्लास गटागटा प्यायली. "इट्स जस्ट वॉटर, बाबा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू आईचा खूप विचार करतोस. वुड यू टॉक टू समवन?"

तो नाही म्हणाला. ही शिक्षा आहे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ती शिक्षा कुठंतरी त्याला हवीहवीशीच होती. रोज जेवायला बसला की तो ग्लास भरायचा, आणि एक घोट न चुकवता सगळा संपवायचा.

ऑगस्टमध्ये त्याचा आवाज घोगरा झाला, कपडे अंगावर लोंबू लागले. रिद्धी म्हणाली, "खलास, बास झालं, आता नो आर्ग्युमेंट," आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर साजिदा यांनी त्याच्या छातीचा फोटो काढला, मग एक पांढरं औषध प्यायला लावून गळ्याचा एक्स-रे पडद्यावर पाहिला. ते औषध मात्र पातळ होतं. इतक्या आठवड्यांनी काहीतरी पातळ जिभेला लागलं आणि सदानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावर ती पांढरी रेघ मुकाट्यानं वळली आणि श्वासनलिकेत उतरली. त्याला काहीच जाणवलं नाही.

"गले की नसें कमजोर हो गई हैं," डॉक्टर म्हणाल्या. "पतला पानी सीधा फेफडों की तरफ जा रहा है, और आपको खांसी तक नहीं आती. यह कम से कम तीन महीने से होगा." त्यांनी छातीचा फोटो पुन्हा उजेडासमोर धरला. "लेकिन फेफडे बिलकुल साफ हैं. घर में कोई पानी गाढा करके देता है?"

"नो, डॉक्टर," रिद्धी म्हणाली. "ही ड्रिंक्स नॉर्मल वॉटर."

सदानंदनं तो छातीचा फोटो मागून घेतला. तीन महिने ज्या दाट पाण्याला तो शिक्षा म्हणत होता, त्याचा एक डागही त्यात नव्हता.

घरी आल्यावर रिद्धीनं त्याच्याच ऑफिसातला नवा डबा फोडला, चमच्यानं पावडर मोजली आणि ग्लासात ढवळू लागली. खिडकीतून उतरतं ऊन ओट्यावर पडलं होतं. सदानंद ग्लासाकडे पाहत होता. त्याला चमच्याबरोबर पाणी हलकं, निर्मळ, काठापर्यंत झुलताना दिसत होतं.

"बघ, चमचा उभा राहतोय," रिद्धी म्हणाली. तिनं ग्लास त्याच्या हातात दिला. "थिक इनफ, बाबा?"

त्यानं ग्लास जरासा तिरका केला. पाणी लगेच सरसरत काठाशी आलं. त्यानं मुलीच्या दमलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, आणि ग्लास ओठांना लावला. पाणी गार होतं, आणि किती सहज खाली उतरलं.