पिवळा दोरा, हिरवा दोरा

मेकॅनिकने रेस वाढवली तशी गाडी आधी शिंकल्यासारखी झाली आणि मग सायलेन्सरमधून धाडकन आवाज आला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. भिंतीकडेच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या छातीत धस्स झालं, हा आवाज येणार हे तिला पक्कं ठाऊक असूनही.

“चढावर अजिबात ओढत नाही,” तिचा नवरा मेकॅनिकला सांगत होता. “सारखी मिसिंग करते आणि मागून फटाके.”

त्यांना सगळे सर्व्हेअरसाहेब म्हणत. उभा जन्म त्यांनी जमिनी मोजल्या होत्या आणि परमुलखातही कधी कुणाला रस्ता विचारला नव्हता. तीस वर्षांची ही गाडी ते स्वतःच दुरुस्त करत आणि बायको शेजारी टॉर्च धरून उभी राहत असे. या वेळी मात्र गाडीने त्यांना दाद दिली नव्हती. आठ दिवसांत त्यांनी कार्ब्युरेटर खोलून धुतला, पॉइंट घासले, प्लग नवे घातले. शेवटी आज दोरी बांधून ती इथवर ओढत आणावी लागली, तेव्हापासून त्यांचा चेहरा उतरलेला होता.

गाडी दुरुस्त होईल, याचीच तिला भीती वाटत होती.

तीन आठवड्यांपूर्वी नातीला शाळेत सोडताना ती साहेबांच्या शेजारी बसली होती. रस्ता सरळ होता. गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागली आणि समोरून ट्रक येत होता. तिने वळून पाहिलं तर साहेबांचे डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, पण ते स्वतः तिथे नव्हतेच. तिने स्टिअरिंग खेचलं. मागच्या सीटवर नात खिदळली, तिला तो खेळच वाटला. साहेब म्हणाले, डोळ्यांवर ऊन आलं. डॉक्टरांचं नाव काढताच ते तिच्यावर खेकसले, आणि मुलाला सांगायला गेली तर तो हसण्यावारी नेऊन मोकळा झाला. सोमवारी शाळेची सुट्टी संपत होती. सव्वासातला नात दप्तर घेऊन फाटकाशी उभी राहणार होती.

“चालू इंजिनवर एकेक वायर काढून बघतो,” मेकॅनिक म्हणाला. “ज्याची काढल्यावर काहीच फरक पडणार नाही, तो सिलिंडर कामचुकार.”

पहिल्या प्लगची वायर काढली तसं इंजिन आचके देत बंदच पडायला आलं. चौथीलाही तेच. मधल्या दोन काढल्या तेव्हा आवाजात तसूभरही फरक पडला नाही. मधले दोघं नुसते बसून आहेत म्हणायचे, असं म्हणत त्याने इंजिन बंद केलं. ठिणगी चारही प्लगना येते, आपण स्वतः पाहिलंय, असं साहेबांनी बजावलं. येते हो, पण वेळेवर येते का, असं विचारत मेकॅनिकने जिथून चारही वायरी निघतात त्या टोपीवर बोट ठेवलं. मग एकेका वायरीवरून बोट फिरवत तो प्लगपर्यंत गेला. बाकावर बसलेल्या बाईने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

“साहेब, दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल झालीय.”

“शक्यच नाही. दोरे बघा ना.”

प्रत्येक वायरीच्या टोकाला रंगीत दोरा होता. लाल, पिवळा, हिरवा, निळा, एक ते चार. मोजणीच्या खुंट्यांना चिंध्या बांधायची साहेबांची जुनी सवय गाडीतही आली होती. दोरे तिच्या शिवणाच्या डब्यातले, गाठी त्यांच्या. आठ दिवसांत त्यांनी वायरी कितीदा काढल्या, कितीदा बसवल्या, पण दर वेळी रंग बघूनच.

मेकॅनिक आणखी वाकला.

“लाल आणि निळा तेलाने काळे पडलेत. हे दोन कोरे करकरीत आहेत. कुणीतरी नवे बांधलेत.”

ते तिनेच बांधले होते, साहेब झोपल्यावर. साहेब आता चारचौघांत ओरडतील, त्याची तिने तयारी ठेवली होती. मग ती ट्रकचं सांगणार होती, उघड्या डोळ्यांचं सांगणार होती, परक्या माणसासमोर सांगितलं तर निदान ऐकून तरी घेतील म्हणून.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पिवळ्या दोऱ्याला बोट लावून पाहिलं.

“मीच बांधले असणार,” ते म्हणाले. “हल्ली मला मधलं मधलं आठवत नाही.”

मेकॅनिक हात पुसायला फडकं शोधत पलीकडे गेला. साहेब बाकाशी आले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या डोळ्यांत भीती तिने पहिल्यांदाच पाहिली.

“मी तुझ्याकडे दोरा मागितला होता का गं?”

नाही म्हटलं असतं तर ते सुटले असते. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. मग तिला मागच्या सीटवर खिदळणारी नात आठवली.

“हो,” ती म्हणाली. “मागच्या मंगळवारी. पिवळा आणि हिरवा. टॉर्च मीच धरला होता.”

साहेबांनी मान हलवली. दुसऱ्याने केलेली मोजणी बरोबर निघाली की ते अशीच मान हलवत.

मेकॅनिकने वायरी बदलल्या. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी एकसुरात चालू लागली. त्याने किल्ली पुढे केली. साहेबांनी ती घेतली नाही. मुलगा येऊन नेईल, आणि नातीसाठी शाळेची बसच बघायला सांगतो त्याला, असं म्हणून ते बाहेर पडले.

दोघं चालत चौकापर्यंत आली. तीस वर्षं ते याच चौकातून घरी जात होते. कडेला येऊन साहेब थबकले आणि त्यांनी तिच्या पिशवीचा बंद धरला.

“इथून डावीकडेच ना?” त्यांनी विचारलं.

डावीकडेच होतं.