राखाडी फूल

शनिवारी सकाळी दहा वाजता संजीवनीने मनोहरचा चिनी मातीचा वाडगा चिंच-मिठाने घासला.

शेजारचे को अंकल सिंगापूरची ही बिशान वस्ती सोडून मुलाकडे राहायला गेले, तेव्हा तो देऊन गेले होते. निवृत्तीनंतर सुस्तावलेला मनोहर त्या वाडग्याने पुन्हा माणसात आला. वर्षभर त्याचं एकच पालुपद. यावरचं हे लाल फूल तांब्याच्या रंगाने काढलंय, झिलईच्या आत, बहुतेक सहाशे वर्षांपूर्वी. तो खरंच तितका जुना आहे का, ते सांगायला आज जुन्या भांड्यांच्या जाणकार मिस लिम येणार होत्या. मनोहर त्यांना आणायला एमआरटी स्टेशनवर गेला होता.

संजीवनीच्या डोक्यात तेवढं तांबं राहिलं होतं. देवाचा गडवा ती चिंचेनेच उजळायची. पाहुणी यायची, तर हाही उजळ दिसावा.

लाल रंग बोटांवर उतरला. खाली फूल राखाडी निघालं.

दोघं आत आली तेव्हा ती सिंकपाशीच उभी होती.

"अहो, मी याला चिंच लावली."

मनोहरने वाडगा हातात घेतला. राखाडी फुलावरून अंगठा फिरवला.

"अगं, तो काय देवाचा गडवा आहे?"

"तांबं तांबं करून तुम्हीच कान किटवलेत!" ती म्हणाली.

मिस लिमनी वाडगा खिडकीशी नेला.

"झिलईखालचा रंग चिंचेने जात नाही," त्या म्हणाल्या. "गेला तो कुणीतरी नंतर वरून फासलेला."

"म्हणजे खोटा?" मनोहरने विचारलं.

"लाल खोटा. राखाडीचं आत्ता सांगता येणार नाही. तांबं भट्टीत लहरी असतं, जुनी फुलं कितीतरी अशीच राखाडी उतरली. कुणाला ती आवडली नसतील, म्हणून रंगवली. किंवा सगळंच अलीकडचं असेल. तपासावं लागेल."

त्यांनी वाडगा कापसात गुंडाळून नेला.

दार लागल्यावर मनोहरने संजीवनीचा हात नळाखाली धरला. नखांतला लाल निघता निघेना.

"वर्षभर मी हाच बघत बसलो होतो," तो म्हणाला.

"रागावलात?"

"अजून ठरवलं नाही. चहा टाक."

चहा शेवटी त्यानेच टाकला. वाडग्याच्या रिकाम्या जागी तिने घासलेला गडवा ठेवला. त्याने तो हलवला नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मिस लिमचा फोन आलेला नाही.