खिळ्यावरचे ताट

आमच्या घरात एक खोली होती, जिच्यात वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मी पाऊल टाकले नव्हते. मागच्या अंगणाच्या टोकाला, न्हाणीला लागून, उतरत्या कौलांखाली ती दबून उभी होती. दार इतके बुटके की आत जाणाऱ्याने आधी मान खाली घालावी. बाहेरच्या भिंतीत एक खिळा आणि त्या खिळ्याला टांगलेले जर्मनचे एक ताट. महिन्यातले चार दिवस माझी बायको कोकिळा त्या खोलीत बसे. तिला वरून वाढले जाई, पाणी वरून ओतले जाई. चौथ्या दिवशी ती ते ताट राखेने घासून पुन्हा खिळ्याला अडकवी आणि घरात येई. बाळंतपणही त्याच खोलीत. आमचे पहिले मूल तिथेच जन्मले आणि अकराव्या दिवशी, बारशाच्या आदल्या संध्याकाळी, तिथेच गेले. तेव्हाही मी अंगणातच उभा होतो.

मी नागपूरचा पदवीधर. कॉलेजच्या संमेलनात विटाळाच्या रूढीवर एक दीर्घ मुक्तछंद वाचला होता आणि पुष्कळ टाळ्या मिळवल्या होत्या. लग्नानंतर मी कोकिळेला म्हणालो होतो, “माझ्यासाठी हे पाळू नकोस.” तिने विचारले होते, “आत्याबाईले तुमी सांगसान?” मी आईला सांगितले नाही. प्रश्न तिथेच मिटला. कविता मात्र माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात राहिली.

सत्तावन्न साल होते. नवे राज्य जेमतेम आठ महिन्यांचे. मी बुऱ्हाणपुरात मास्तर होतो आणि भूगोलाच्या तासाला फळ्यावर नवी सीमारेषा काढून दाखवत होतो. ज्या नागपुराने मला शब्द दिले ते आता रेषेपलीकडे गेले होते. भोपाळ, ग्वाल्हेर, रीवा ही नावे, जी आजवर दूरच्या नातेवाइकांसारखी ऐकू येत, ती एकाएकी घरची झाली होती. एकीकरण हा शब्द वर्तमानपत्रात रोज येई. त्या आषाढात मद्रासकडून फ्लू वर सरकत आला, आणि रेषा न मानता शहरात शिरला. गिरणीतले निम्मे माग माणसांवाचून थांबले. आमची शाळा बंद झाली.

शाळा बंद होण्याच्या दिवशी डॉक्टर यादव आम्हा शिक्षकांशी बोलायला आले होते. ते ग्वाल्हेरकडून नुकतेच बदलून आलेले, उंच आणि थकलेले गृहस्थ. “जिसको बुखार आए, उसको अलग कमरा, अलग बर्तन, सात दिन,” ते म्हणाले. “और गर्भवती स्त्री को तो मरीज़ के पास फटकने भी मत दीजिए. उसके लिए यह मामूली बुखार नहीं है.”

घरी येऊन मी हे सारे आईला आणि कोकिळेला सांगितले. कोकिळेला सातवा महिना होता.

आई, मथुराबाई, तांदूळ निवडत होती. “ह्यात त्या डाक्तरने नवीन काय सांगितले?” ती म्हणाली. “अलग खोली, अलग भांडं. आपण काय आजवर करत आलो?”

“म्हंजे आता बाप्ये मानसंबी बाहेर बसतीन?” कोकिळा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. आईसुद्धा हसली. मीही हसलो. घरात तिघे मिळून हसण्याची ती बहुधा शेवटची वेळ.

त्याच आठवड्यात कोकिळेचे वडील दापोऱ्याहून बैलगाडी घेऊन आले. उखर्डू पाटील. त्यांच्या आधीची तीन भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून त्यांना जन्मतःच उकिरड्यावर लोळवून हे नाव दिलेले. मृत्यूला वाटावे की टाकाऊ आहे, आणि त्याने हात लावू नये. कोकिळेची या खेपेला एकच मागणी होती: मुलगा झाला तर नाव उखर्डू ठेवायचे. मी हसून उडवून लावली होती. माझ्याकडे दुसरे, फार सुरेख नाव तयार होते.

“जवाईबापू, पोरीले घेऊन जातो,” ते ओसरीवरूनच म्हणाले. “केळीच्या वाडीत घर आहे, कोणाचं येणं नाही, जाणं नाही. तिथं हा ताप पोचाचा नाही.”

“तिथे डॉक्टरही पोचायचा नाही,” मी म्हणालो. “इथे दवाखाना हाकेवर आहे. आणि मी आता दिवसभर घरीच आहे. तिची जबाबदारी माझी.”

शिकलेल्या माणसापुढे गप्प बसण्याची त्यांना सवय होती. “तुमची जबाबदारी,” एवढेच ते म्हणाले, आणि गाडी रिकामी परत नेली. कोकिळा वळणापर्यंत तिच्याकडे पाहत होती.

मग घराचे दिवस सुरू झाले. मी आजवर घराला सकाळ-संध्याकाळ एवढेच ओळखत होतो. त्याची दुपार मला ठाऊक नव्हती. पाट्यावर वरवंटा किती वेळ घासतो, उकळलेले पाणी निवायला किती भांडी लागतात, कडुनिंबाच्या धुराने डोळे चुरचुरत असताना भाकरी कशी थापतात, हे मी पहिल्यांदा पाहिले. पाहिले, एवढेच. मी वाटेत बसे आणि कोकिळा पोट सावरत मला वळसा घालून जाई. “मास्तर, जरा पाय घ्या,” ती म्हणे. मी पाय घेई आणि पुन्हा पसरी. मला वाटे, संसार उमगतो आहे. मी त्यावर टिपणेही काढली.

एका दुपारी मला थंडी भरली. दात वाजू लागले.

कोकिळा चुलीपासून उठली. हात पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मागची खोली झाडून ठेवते. बाज टाकते. तुमी सात दिवस तिथं निजा.”

आईच्या हातातले सूप थांबले. “विटाळाच्या खोलीत? पुरुषमाणूस?”

“डाक्तरनं सांगितलं ना, आत्याबाई. अलग.”

“ऐकलंय मी. मानमोडीचा असाच ताप आला, त्या सालात माझ्या बापाला असंच अलग टाकलं होतं, गोठ्यात. मी बारा वर्षांची होते. पाणी, पाणी म्हणून दोन दिवस ओरडला. कोणी मला जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ओरडणं बंद झालं.” तिचा आवाज फाटला, मग पुन्हा कडक झाला. “माझं पोर तसं पडणार नाही. आणि त्या खोलीत तर नाहीच. लोक काय म्हणतील, मास्तर बाहेर बसला?”

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मला अंगण दिसत होते, ते बुटके दार आणि खिळ्यावरचे ताट. ताटाच्या काठाला एक पोचा होता. त्या ताटात मी जेवीन ही कल्पनाच मला सोसवेना. नागपुरात मिळालेल्या टाळ्या मला त्या क्षणी आठवल्या नाहीत, असे नाही.

“तिथे उजेड नाही,” मी म्हणालो. “वाचायचे म्हटले तरी...”

कोकिळेने मधल्या खोलीत गादी घातली.

आई गुडघ्यांनी अधू. पाण्याची घागर उचलणे, काढा करणे, घामाने भिजलेले कपडे बदलून ते उकळणे, सारे कोकिळेवरच आले. पण तिने आपल्यापुरती एक सीमा आखली होती. तोंडावर पदर घट्ट बांधून ती उंबऱ्यापर्यंत येई, पेला जमिनीवर ठेवी, काठीने पुढे सरकवी आणि मागे फिरे. पहिले तीन दिवस ती उंबऱ्याच्या आत आली नाही. आई कुरकुरे, “कुत्र्याला सरकवतात तसं काय सरकवतेस?” ती काठी भिंतीला टेकवून चुलीकडे वळे.

चौथ्या दिवशी ताप उतरणीला लागला. डोके कापसासारखे हलके झाले होते, आणि त्या हलकेपणात ओळी सुचू लागल्या. फळ्यावरच्या नकाशाची, रेषांची, एकमेकांत मिसळणाऱ्या प्रदेशांची कविता; आणि दोन देहांमध्ये कुठलीच रेषा नसते, असा तिचा शेवट. मला ती अपूर्व वाटली. लिहायला हात चालेना आणि ऐकायला कोणीतरी हवे होते. मी कोकिळेला हाक मारली.

ती उंबऱ्याशी आली. मी म्हणू लागलो. आवाज फुटेना.

“ऐकू येत नाही,” ती म्हणाली.

“मग जवळ ये ना.”

ती थबकली. एक हात तिने पोटावर ठेवला होता, तो अजून मला दिसतो.

“ये ना, कोकिळे. ताप गेला आता. चार दिवसांत एक शब्द बोलली नाहीस.”

ती आली. गादीपाशी बसली. मी तिचा हात धरला आणि कविता म्हटली. मध्येच खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर राहिलेली म्हटली. तिने तोंडावरचा पदर सोडला होता. बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून. कविता संपल्यावर ती म्हणाली, “चांगली आहे,” आणि भात उतू जातो म्हणून उठून गेली.

दोन दिवसांनी पहाटे न्हाणीजवळ मला तिचा खोकला ऐकू आला. मी बाहेर येईपर्यंत तिने चटई काखेत घेतली होती. वाटेत भिंतीकडे न पाहताच तिने खिळ्यावरचे ताट काढून घेतले, मान खाली घातली आणि आत गेली. कोणी तिला जा म्हटले नाही. कोणी जाऊ नको म्हटले नाही. आई म्हणाली, “शहाणी आहे पोर.” तिच्या दृष्टीने ती स्तुतीच होती.

मी दारापाशी बसू लागलो. पेला सरकवायला तीच काठी होती. “काही हवंय?” असे विचारले की आतून उत्तर येई, “नको. तुमी लांब राहा.” तिसऱ्या दिवशी श्वासाचा आवाज करवतीसारखा येऊ लागला, तेव्हा मी धावत जाऊन डॉक्टर यादवांना घेऊन आलो. त्यांना जवळजवळ गुडघ्यांवर आत जावे लागले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला चुना लागला होता.

“यह कमरा पहले से था?” त्यांनी विचारले.

“हो. म्हणजे, जी हाँ.”

“हवादार नहीं है, पर अलग तो है. बर्तन भी अलग हैं.” ते हात धूत होते. “तो बुखार में आप यहीं थे, मास्टरजी?”

आई आत निघून गेली. डॉक्टरांनी रुमालाने एकेक बोट सावकाश पुसले, आणि माझ्याकडे न पाहता औषधे कशी द्यायची ते सांगितले. दवाखान्यात एकही खाट रिकामी नव्हती. बाहेरच्या ओट्यावरही माणसे निजली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण भागाबाई आली. मी अंगणात उभा राहिलो, मागच्या वेळी उभा होतो तिथेच. ऊन उतरू लागले तेव्हा आतून एक बारीक आवाज आला, आणि मी वाट पाहत राहिलो तरी तो पुन्हा आला नाही.

“मास्तर, आत या,” भागाबाईने हाक मारली.

“मी?”

“मंग कोण? तिनं धरून ठेवलंय. माझ्यानं सोडवत नाही.”

मी मान खाली घातली आणि आत गेलो. आत मातीचा, राखेचा आणि तापाचा वास होता. भिंतीवर, निजलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, काळ्या पडलेल्या बोटांच्या खुणा होत्या. किती बायकांच्या आणि किती वर्षांच्या, कोण जाणे. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले ते मूल कोकिळेच्या छातीशी होते. मुलगा होता. मी हात पुढे केले. तिने माझ्या हातांकडे पाहिले आणि मग दिले.

“नाव ठेवू नका त्याचं,” ती म्हणाली.

ताप्तीच्या काठी, मागच्या खेपेच्या जागेपासून थोड्या अंतरावर, मी त्याला ठेवून आलो. माझे सुरेख नाव कुठेही उच्चारले गेले नाही.

कोकिळा वाचली. विटाळाचे दिवस पुरे झाले, तेव्हा आईने अंगण सारवले आणि दारापाशी जाऊन, मी पूर्वी कधीही न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाली, “चल बेटा, घरात ये आता.”

“मले इथंच बरं आहे, आत्याबाई.”

आई तिथेच ओल्या सारवणावर बसून रडली. मी समजूत घातली नाही. ना तिची, ना दुसरीची. माझ्याजवळचे सगळे शब्द कुठे ना कुठे वापरून झालेले होते.

उखर्डू पाटलांना मी निरोप पाठवला. ते आले. या वेळी ओसरीवर थांबले नाहीत. सरळ मागच्या अंगणात गेले आणि वाकून आत बसले. बाप-लेकीत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि मला म्हणाले, “बाज घालतो गाडीत. हात लावा.” जबाबदारीविषयी ते बोलले नाहीत. बोलले असते तर मी त्यांचे उपकार मानले असते.

निघण्याआधी कोकिळेने न्हाणीपाशी बसून ताट घासले. बाप म्हणाला, “राहू दे वं,” पण तिने पुरते घासले, धुतले आणि खिळ्याला अडकवले. भिंत धरत धरत ती गाडीपर्यंत गेली. मी आधार द्यायला पुढे झालो, तर तिने बैलाच्या पाठीवर हात टेकला.

“परत केव्हा आणायला येऊ?” मी विचारले.

ती गाडीतल्या बाजेवर पडली, डोळे मिटले. गाडी हलणार तोच तिने डोळे उघडले.

“त्या दिवशी तुमी म्हटली, ती कविता,” ती म्हणाली. “मी जवळ आली, पण ध्यान सगळं चुलीवरच्या भाताकडं होतं. मले काई समजलं नव्हतं. काय होतं तिच्यात?”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. खरोखरच विचारत होती. इतक्या मोलाची वस्तू निदान काय होती, ते कळावे म्हणून. मी तोंड उघडले. नकाशा, रेषा, प्रदेश, देह. एकही शब्द त्या बैलांसमोर, त्या म्हाताऱ्यासमोर उच्चारता येण्यासारखा नव्हता.

“काही नव्हतं,” मी म्हणालो.

“हाव,” कोकिळा म्हणाली. “मलेबी तसंच वाटलं.”

पाटलांनी बैलांना हाक दिली. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी मागच्या अंगणात आलो. खिळ्यावरच्या ताटातून अजून पाणी ठिबकत होते.