मांडी घालून पियानो

रायपूरच्या आमच्या ब्राह्मणपाऱ्यात पियानो शिकवणारी मी एकटीच, आणि मांडी घालून पियानो शिकवणारी बहुधा जगात एकटी. माझ्याकडची पोरं बुटक्या, रुंद बाकावर मांडी ठोकून बसतात आणि वाजवतात. कोणी हसलं की मी ठणकावून सांगायची, "ही फ्रेंच पद्धत आहे." रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं फायली हाकल्या, पण आयुष्यात मिरवलं ते एवढंच.

हे मी मनाने काढलेलं नव्हतं. सिस्टर ओदिल पॅरिसला शिकलेल्या. इथल्या मिशनच्या शाळेत त्या आम्हाला पियानो शिकवायच्या. प्रत्येक सूर मोत्यासारखा सुटा आणि गोल हवा आणि ते काम बोटांचं, असं त्या सांगत. पियानोला खाली पायाने दाबायचं पेडल असतं. ते दाबलं की बोट उचललं तरी सूर रेंगाळत राहतो. आमचा पाय तिकडे वळला की सिस्टर छडीच्या टोकाने गुडघ्यावर टोचत. "पैर नहीं, उँगली." मांडीची भर तेवढी माझी. पोरांचे पाय लोंबकळले की झुलतात, आणि हार्मोनियमच्या क्लासात तीच पोरं कशी गपगार बसतात! मोठ्या वादकांच्या कॅसेटवर सूर लांबत, तो मला मोठ्या हॉलचा घुमारा वाटे. माझ्या घरच्या पियानोचं पेडल धडधाकट होतं, तरी मी त्यावर जाड कापड बांधून ठेवलं होतं.

माझा सगळ्यात गुणी विद्यार्थी अभिनव मेश्राम. बाप भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत, घरात वाजवणारं कोणी नाही. दहा वर्षं माझ्या बाकावर बसला आणि दोन वर्षांपूर्वी स्कॉलरशिप मिळवून थेट पॅरिसला गेला. मी मोहल्लाभर पेढे वाटले. सिस्टरची विद्या जिथून आली तिथेच परत चालली, असं ज्याला त्याला सांगत सुटले.

मग गेल्या वर्षी शाळेने जुनं सामान काढून टाकलं आणि आमचा तो पियानो भनपुरीच्या एका गोदामात येऊन पडला. पियानो सुरात लावणारे शेखरभाऊ वर्षातून दोनदा नागपूरहून येतात. त्यांना घेऊन मी बघायला गेले. त्यांनी खालची फळी काढली, टॉर्च मारला आणि हसायलाच लागले.

"ताई, याचं पेडल तं नुसतं शोभेचं आहे. आतली दांडीच नाही."

"कधी तुटली?"

"जमाना झाला. उंदरांनी घर करून सोडलं इथं. साठ वर्षं तरी झाली असतील."

म्हणजे मी शाळेत जायच्याही आधी. आमची फ्रेंच पद्धत म्हणजे मोडका पियानो!

घरी आले ती जेवले नाही. सिस्टरचा राग आला, पण खरा घोर अभिनवचा होता. त्या पोराला मी मोडक्या पियानोची विद्या देऊन, वर मांडी घालायला शिकवून पॅरिसला पाठवलं होतं. तो दर पंधरा दिवसांनी फोन करायचा. माझे गुडघे कसे आहेत विचारायचा, पण क्लासबद्दल चकार शब्द नाही. तिकडे त्याचं हसू झालं आहे आणि माझं मन राखायला तो गप्प आहे, हे मी ओळखून होते. विचारायची हिंमत होत नव्हती.

डिसेंबरात तो सुट्टीवर आला. पाया पडला, चहा घेतला. मी आणखी किती दिवस कुढणार?

"अभिनव, खरं सांग. तिथं हसले काय रे तुले?"

त्याने कप खाली ठेवला. "हव, हसले न काकू. पहिल्याच दिवशी. मी मांडी घातली अन् स्टूल निघाला गोल. पडता पडता वाचलो."

"अन् तुही मास्तरीण?"

"मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, अशी बोटं त्यांच्या आजीची होती, आता पॅरिसात कोणी शिकवत नाही. मग पूरा एक साल मले पेडल शिकवलं. बाकीचे पुढं गेले, मी मागं राहिलो."

"म्हणजे वर्ष गेलं तुह्यं."

"गेलं न," तो सरळ म्हणाला. "पण आता मॅडम दर सोमवारी सगळ्या क्लासले मांडी घालून बसवतात. पेडल बंद. म्हणतात, आज रायपूर."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी त्याला दांडीचं सगळं सांगून टाकलं. तो मात्र अजिबात चकित झाला नाही.

"दांडीचं नव्हतं मालूम. पण पेडलचं मालूम होतं. तुम्ही चहा ठेवाले गेल्या का मी कापडावरूनच दाबून पाहायचो."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही सिस्टरचं किती खुश होऊन सांगत होत्या, काकू."

एवढं बोलून हा पोट्टा पियानोखाली शिरला आणि कापडाच्या गाठी सोडायला लागला. "तुम्ही बसा, जशा बसता तशाच. वाजवा. मी हातानं दाबतो."

मी मांडी घातली. सिस्टरची आवडती एक संथ चाल घेतली. पहिल्या सुरावरून बोट उचललं आणि सूर गेलाच नाही. पुढचा आला तो त्याच्या शेजारी जाऊन बसला. पन्नास वर्षं मी ही चाल वाजवते आहे, पण ती अशी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

सिस्टरना ठाऊक होतं. पॅरिसला त्या अशाच वाजवत असणार. मग इथे येऊन दांडी नसलेल्या पियानोसमोर जन्म काढला. काय ऐकू येत नाही हे त्यांना रोज कळत असेल. आम्हा पोरींना मात्र आपल्याकडे काही कमी आहे हे त्यांनी एक दिवसही कळू दिलं नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी रडले, चांगली नाक ओढत रडले, पण वाजवणं सोडलं नाही.

खालून अभिनव ओरडला, "काकू, सोडू काय आता?"

"थांब," मी म्हटलं. "अजून थोडं धर."